खिळ्याला काय टांगलंय

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

पोळा होऊन दोन दिवस झाले, पण दादाच्या बैलांच्या शिंगांवरचा हिंगूळ अजून ताजा आहे. सकाळी पुतण्या वस्तीवरून दूध घेऊन आला. कॅन खव्याच्या भट्टीवर टाकून तसाच आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि चहाच्या आधी मोबाइल पुढे केला.

"काका, ही बघा. सेहेचाळीस हजार. पासिंग नाही, लायसन नाही, इन्शुरन्स नाही. पेट्रोलचं तर नावच नको."

फोटोत निळ्या रंगाची बॅटरीवरची गाडी. समोरून इटालियन स्कूटरसारखी, मागून कुणासारखीच नाही. कंपनीचं नाव वाचलं. ते वर्तमानपत्रात कधी पाहिलेलं नाही, आमच्या भूम तालुक्यातल्या रस्त्यावरही नाही. दुकान बार्शीला आहे म्हणतो. बार्शी जिल्हा सोलापूर, पण आमच्याकडचं लग्नाचं कापड, बियाणं, दवाखाना आणि आता गाडीही, सगळं बार्शीलाच होतं.

पोराची अडचण खरी आहे. वस्ती ते भूम सात किलोमीटर, दोन वेळा दूध घालायचं, मधल्या वेळेत कॉलेज. दादाची जुनी मोपेड गेल्या महिन्यात बसली ती उठली नाही. भट्टीवाल्याला दूध वेळेवर लागतं. पाच लिटर दूध आटवलं की साधारण किलोभर खवा पडतो आणि सकाळची गाडी चुकली की तो खवा बसून राहतो.

"बघून येऊ," म्हणालो. वहिनींना वाटलं, मी होच म्हणालो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. बार्शीच्या बाजारात मखरांची गर्दी. गाडीचं दुकान आधी मोबाइलचं असावं. काचेवर जुन्या रिचार्जच्या स्टिकरचा अर्धा तुकडा अजून आहे.

गाडी जवळून पाहिली. हँडलखालचं प्लॅस्टिक अंगठ्याने दाबलं तर आत गेलं आणि टक् आवाज करत बाहेर आलं. साइड स्टँडच्या जोडावर वेल्डिंगचे मणी तसेच, घासलेले नाहीत, वरून रंग मारलेला. नावाची पट्टी चिकटवलेली. शेजारच्या गाडीवर दुसरं नाव, पण आरसे, इंडिकेटर, मीटर, सीट सगळं तंतोतंत तेच.

"माल कुठून येतो?"

"दिल्लीहून, सर."

"आणि दिल्लीत?"

दुकानदार हसला. पोरगा माणूस आहे, वाईट वाटला नाही. सीट उचलून दाखवली: बारा व्होल्टच्या पाच बॅटऱ्या, शिसे-आम्लाच्या, ट्रॅक्टरला असतात त्या जातीच्या, फक्त लहान. वॉरंटी बॅटरीला एक वर्ष, "बाकी गाडीला आपण आहोतच." हे "आपण आहोतच" मी वहीत वेगळं लिहून ठेवलं आहे.

मग त्याने खास गोष्ट दाखवली. वायरींच्या जुडग्यातून पांढऱ्या टोपणाची एक छोटी वायर निघते, दोन्ही टोकं एकमेकांत खोचलेली. "ही काढली की पंचवीसची गाडी पंचेचाळीसने पळते. सगळे काढतात."

नियम असा आहे: मोटर अडीचशे वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नाही, बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत. एवढ्यात बसली तर कायदा तिला मोटारगाडी मानतच नाही, म्हणून नंबर नाही, लायसन नाही, विमा नाही. पांढरं टोपण काढलं की ती त्याच क्षणी मोटारगाडी होते, आणि तीही नोंदणी नसलेली. उद्या कुणाला धडकली तर कागदावर गाडीच नाही. नुकसानभरपाई दादाच्या सातबाऱ्यातून जाणार.

येताना एसटीत गणित केलं. पस्तीस वर्षं सातवी-आठवीला तेच शिकवलं, सवय जात नाही. पोरगा ६५ किलो, गाडी ६०, पाच बॅटऱ्या मिळून ४०, दोन्ही कॅनमधलं दूध धरून ८०. झाले २४५. आमच्या वस्तीचा चढ बालाघाटाचा. वीस पावलांमागे एक पाऊल वर धरू. म्हणजे वजनाचा विसावा हिस्सा, सव्वाबारा किलोची ओढ मागे. न्यूटनमध्ये १२०. अडीचशे वॅट भागिले १२० म्हणजे सेकंदाला दोन मीटर आणि थोडं. ताशी साडेसात किलोमीटर. टायर, वारा आणि खडी यांचा हिशेब धरलेलाच नाही. बैलगाडी फार मागे राहणार नाही.

पोराला आकडे दाखवले. तो म्हणाला, "मग वायर काढू."

३१ ऑगस्ट, रविवार

आज महालक्ष्म्या बसल्या. मेव्हणा वाळूजहून आला आहे. बजाजच्या कारखान्याला माल पुरवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये त्याची उमेदीची वर्षं गेली. जेवताना पुतण्याने विषय काढलाच.

मेव्हणा म्हणतो, स्वस्त गाडी म्हणजे वाईट गाडी असं नसतं. बॉक्सर आपल्याकडे गरिबाची गाडी म्हणून आली. इथे ती मागे पडली, पण नायजेरिया, युगांडाकडे आजही तिच्यावर माणसं पोटं भरतात. तिकडे चिनी गाड्या तिच्याहून स्वस्त मिळत होत्या, तरी भाड्याने माणसं वाहणाऱ्यांनी बॉक्सर धरली. व्हिएतनाममध्ये उलटं घडलं होतं. २००० च्या आसपास होंडाची हुबेहूब नक्कल केलेल्या चिनी गाड्या निम्म्याहून कमी किमतीत आल्या आणि बाजार भरून गेला. २००२ मध्ये होंडानेच स्वस्त 'वेव्ह अल्फा' काढली, तीही बरेच भाग चीनमधून घेऊन, आणि नकला ओसरल्या.

"म्हणजे नकलांचा फायदाच झाला की," पुतण्या म्हणाला. "त्या आल्या नसत्या तर होंडानं भाव उतरवला असता का?"

बिनतोड बोलला. मेव्हण्याने ताटात तुपाची धार धरली आणि विषय उद्याच्या सोळा भाज्यांवर गेला.

१ सप्टेंबर, सोमवार

रात्री झोप लागली नाही. या विषयात मी तटस्थ नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे.

लुना माझी पहिली गाडी. नगरची, किनेटिकची; लुना बाजारात आली १९७२ ला, माझ्याकडे आली ती तिसऱ्या हातची. तिच्यावर मी, सौ. आणि जोंधळ्याचं पोतं एका वेळी आलेलो आहोत, चढावर सौ. उतरायची, पोतं बसायचं.

मग २००७ च्या दसऱ्याला मी नवी मोटारसायकल घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. कंपनी आता नाही आणि गेलेल्याचं नाव काढू नये. बाकीच्यांची शंभर सीसी चाळीस हजारांत, ही एकतीसला. अलॉय व्हील, डिजिटल मीटर, बटण स्टार्ट. शाळेत सगळ्यांनी चक्कर मारून पाहिली. हेडमास्तरांच्या स्प्लेंडरला किक मारावी लागायची, मला नाही. त्या नऊ हजारांच्या बचतीचा मी दोन वर्षं मिजास मिरवली.

तिसऱ्या वर्षी सीडीआय जळला. हाताच्या पंजात मावेल एवढा काळा डबा. तो ठिणगी वेळेवर पाडतो. डीलरकडे गेलो तर शटर खाली, शेजारी म्हणाला तो आता सिमेंट विकतो. पुण्याला माणूस धाडला, मुंबईला पत्र घातलं. एक्केचाळीस दिवस गाडी अंगणात उभी. शेवटी मिस्त्रीने दुसऱ्या कंपनीचा डबा बसवला, वायरींचे रंग जुळवून. चालली. पण तेव्हापासून थंडीत ती सुरू होताना खोकायची, आणि क्लच प्लेट गेली तेव्हा मात्र कुणाचीच बसेना. मिस्त्रीने कानशीने दात घासून बसवली. सहा महिने टिकली.

गोठ्यामागे ती अजून उभी आहे. २०२२ ला नोंदणीची पंधरा वर्षंही संपली. मध्ये दादाला कल्पना सुचली, तिच्या इंजिनावर कोळपं करू. गावात दोघांनी जुन्या गाड्यांची तशी कोळपी केली आहेत, सोयाबीनमध्ये मस्त चालतात. मिस्त्री म्हणाला, "दुसरी कुठलीबी आणा गुरुजी, करून देतो. हिचं नको." मेल्यावरसुद्धा तिला काम मिळालं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवर २८ टक्क्यांऐवजी १८. लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमकं घटस्थापनेला. बॅटरीवरच्या गाड्यांचे पाच टक्के आहेत तसेच.

नव्या शंभर सीसीची मूळ किंमत ५० हजार असेल तर कालपर्यंत शोरूमची किंमत ६४ हजार, आता ५९. पाच हजार वाचले. त्यात पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा आला (तो नव्या गाडीला एकदम घ्यावाच लागतो, शंभर सीसीला ३,८५१ रुपये), रोड टॅक्स आला, फायनान्सवाल्याची 'प्रोसेसिंग' आली. रस्त्यावर येईपर्यंत सत्तरच्या पुढे. निळ्या गाडीत आणि हिच्यात अजून चोवीस-पंचवीस हजारांची दरी आहे. सोयाबीन विकायच्या आधी दादाला पंचवीस हजार म्हणजे काय, हे जीएसटी परिषदेला कळायचं कारण नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. आज मिस्त्रीच्या गॅरेजात दीड तास बसलो.

गॅरेज म्हणजे तीन पत्रे आणि एक भिंत. पण ती भिंत पाहण्यासारखी आहे. ओळीने खिळे ठोकलेले, प्रत्येकाला काहीतरी टांगलेलं: क्लच वायरी, ॲक्सिलेटर वायरी, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेटचे सेट, कोन सेट, एअर फिल्टर, प्लास्टिकच्या पिशवीत क्लच प्लेटा. खिळ्याखाली खडूने नाव. मी मोजलं: अर्ध्याहून जास्त खिळे एकाच कुळाचे. सीडी १००, स्प्लेंडर, पॅशन, एचएफ डिलक्स; १९८५ पासून गाड्यांची नावं, स्टिकरं बदलली, पण इंजिन तेच ९७.२ सीसीचं. यातला बराच माल डुप्लिकेट, हेही मिस्त्री लपवत नाही. डुप्लिकेट कोण करतो? ज्या गाडीला गिऱ्हाईक आहे तिचाच.

"निळ्या गाडीचा खिळा कुठाय?" मी विचारलं.

मिस्त्रीने कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट केलं. त्यात तीन कंट्रोलर, जळालेले, वेगवेगळ्या तीन गाड्यांचे. "तिघांचीबी वायरिंग येगळी. बाजारातला आणून बसवतो मी, पण बसंल का जळंल, गॅरंटी न्हाई. लोक म्हनत्यात गाडी कुठल्या कंपनीची बघावी. मी म्हनतो, आधी माज्या भिंतीला येऊन बघा, खिळ्याला काय टांगलंय."

इतक्यात आमची आशाताई आली. तिची गाडीही त्याच जातीची, लाल, नाव तिसरंच. मागच्या ब्रेकची तार ताणून हवी होती. दोन वर्षं झाली म्हणते. गावठाण ते उपकेंद्र अडीच किलोमीटर सपाट, पिशवीत रजिस्टर आणि गोळ्या, ओझं काही नाही. रात्री घरात ओढून चार्जिंगला लावते. बॅटऱ्या एकदा बदलल्या, तेरा हजार लागले. "लायसनला दोनदा गेले गुरुजी, दोनदा नापास केलं. हिच्यामुळं नवऱ्याची वाट बघणं बंद झालं."

तेरा हजार दोन वर्षांवर विभागून मी मनात पेट्रोलशी ताळा घातला. तिला तोटा आहे. तिला सांगितलं नाही. नवऱ्याची वाट बघण्याचा दर मला लावता येत नव्हता.

१४ सप्टेंबर, रविवार

तिसरा रस्ता निघाला. वाशीजवळच्या एका गावात २०१६ ची स्प्लेंडर, एमएच २५, एका हातची. मालकाचा मुलगा पुण्याला गेला. मागतो अडतीस.

मिस्त्रीला सोबत नेलं. त्याचं गाडी बघणं म्हणजे वैद्याची नाडी. आधी सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं: कोरडी काजळी, तेल नाही. मग खिशातून सुतळी काढली, एक टोक मागच्या चाकाला धरलं, दुसरं पुढच्या. सुतळी चारही जागी टेकली, म्हणजे चेसी सरळ, गाडी कधी आपटलेली नाही. किक दोन बोटांनी दाबून पाहिली. चालू करून कान लावला. "टायमिंग चेन वाजती. दोन हजार धरा." चेसी नंबर आरसी बुकाशी ताडला, एक एक आकडा मोठ्याने म्हणत.

विमा संपलेला. बँकेचा बोजा मात्र उतरवलेला, पत्र दाखवलं. हे फार जण बघत नाहीत आणि मग नावावर करताना आरटीओत फेऱ्या मारतात. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर मालकाची सही आजच घ्यायची, असं मी ठरवूनच गेलो होतो. नवी हाय सिक्युरिटी पाटी राहिली आहे, तिचे ५३१ रुपये आणि नोव्हेंबरअखेरची मुदत.

पस्तीसवर तुटलं. पाच हजार विसार दिला. बाकी सोयाबीन निघाल्यावर, दसऱ्याच्या आत.

पुतण्या परतताना गप्प होता. नऊ वर्षं जुनी, काळी, टाकीवर खरचटलेली. वीस वर्षांच्या पोराला निळ्या रंगाचं काय वाटतं, ते मला २००७ मधून आठवतं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

लिहवत नाही. घट बसले त्या दिवसापासून पाऊस कोसळतो आहे. बाणगंगा पात्र सोडून रानात आली. परंड्याकडे सीना, चांदणीच्या काठची गावं पाण्यात; एनडीआरएफ आली, हेलिकॉप्टरने माणसं काढली. दादाचं खालचं सोयाबीन दिसत नाही, नुसतं तपकिरी पाणी. मोबाइलला रेंज नाही. दूध वस्तीवरच ओतलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

मिस्त्रीच्या पुढ्यात सतरा गाड्या. तेलाचा बोल्ट सोडला की इंजिनातून काळं तेल येत नाही, दुधाचा चहा येतो. प्लग काढून किक मारायची, भोकातून पाण्याचा फवारा उडतो; डिझेलने आतून धुवायचं, नवं तेल, पुन्हा धुवायचं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या दिवसाला चार-पाच उठत आहेत. २०२० नंतरच्या, बीएस-सहाच्या, सेन्सरवाल्या मात्र त्याने बाजूला लावून ठेवल्या. त्या बार्शीच्या शोरूमला जातील, तिथेही रांग आहे. म्हणजे नामांकित आणि नवी घेतली असती तरी पोरगा आज पायीच असता. माझं निम्मं तत्त्वज्ञान त्या रांगेत उभं आहे.

आशाताईची लाल गाडी ओट्यावर चढवलेली होती. तिला काही झालं नाही.

वाशीच्या मालकाचा निरोप आला: "सोयाबीन सगळ्यांचंच गेलं. तुम्ही पळणारे नाहीत. गाडी घेऊन जा, पैसे होतील तसे द्या." फॉर्मवर सही तर त्याने आधीच केलेली. दादा म्हणाला, "उधारीत गाडी नको." वहिनी बचत गटातून पंधरा उचलत आहेत, उरलेले मी घालतो. यावर दादा काही बोलला नाही, म्हणजे झालं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. झेंडूच पाण्यात गेला, भाव विचारायची सोय नव्हती. पुतण्याने गाडीला आपट्याची डहाळी बांधली आणि हळदीचे पट्टे ओढले. कॅनसाठी मिस्त्रीने मागे लोखंडी पट्ट्यांची घोडी करून दिली. वस्तीच्या चढावर दुसऱ्या गिअरला गेली, भरल्या कॅनांसकट.

संध्याकाळी परत येताना क्लच वायर तुटली. तो गाडी ढकलत गॅरेजला गेला, मी टॉर्च धरून मागे. मिस्त्रीने न उठता हात वर केला, खिळ्यावरची वायर काढली. एकशे वीस रुपये, मजुरीसकट. सोनं दिलं आणि निघालो.

५ ऑक्टोबर, रविवार

भंगारवाला आला होता. म्हटलं, गोठ्यामागची घेऊन जा. तिघांनी ओढून काढली. चाकांना गवताची मुळं धरली होती. काट्यावर एकोणनव्वद किलो भरली. भाव किलोमागे सव्वीस. कुठल्या कंपनीची हे त्याने विचारलं नाही. अलॉय व्हील मात्र आधी वेगळी केली, त्यांचा भाव जास्त.

किल्ली माझ्याकडेच राहिली. कीचेनवर डीलरचा फोन नंबर आहे, सहा आकडी.